येसाईचा वाकलेला दगड

फार वर्षांमागं, नदी अजून देवळाच्या पायरीला लागून वाहायची तेव्हाची गोष्ट. टेंभेसर गावात अशी रीत होती, की पोराला पाजताना आईनं त्याच्यावर ओणवं व्हायचं अन् पदर पुरता ओढायचा. दूध पिणाऱ्या पोरावर कुणाची नजर पडली तर दृष्ट लागते, ही भीती. त्यापायी गावच्या बाया ऐन तरुणपणी विळ्यागत वाकायच्या. वरनं पाखरू गेलेलं त्यांना भुईवरच्या सावलीवरून कळायचं, असं म्हणतात.

हौसा पहिलटकरीण. तिची पाठ अशी धरली, की पोर उचलताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. एकदा ते हातातनं निसटलं. नशीब, खाली ज्वारीची रास होती. सासू म्हणाली, "आजपासनं पोर माझ्याजवळ. शेळीचं दूध पाजीन. तुझ्या हातात ते राहायचं नाही."

पोर आत रडायचं अन् बाहेर हौसाची चोळी भिजायची. शेवटी तिनं पोर उचललं अन् येसाईचं घर गाठलं. मागनं सासूही आली.

येसाई गावची सुईण. तिचे हात एवढे ऊन, की थंडीतही तळव्यावर दही लागायचं, असं म्हणतात. तिनं हौसाच्या मणक्यांवरून अंगठा फिरवला. "अगं, तू पोराकडं जातेस. पोराला तुझ्याकडं येऊ दे की."

"आणि दृष्ट?" हौसानं विचारलं.

"ती घेणारा आहे माझ्याकडं."

नदीकाठी एक उभा दगड होता, ताडासारखा सरळ. येसाईनं त्याला काजळाची तीट लावली. हौसाला त्याला टेकून बसवलं, मांडीवर वाकळेची वळकटी ठेवली, वर पोर. "खांदे सोड. डोक्यावरची घागर उतरवल्यागत."

पोर छातीपर्यंत वर आलं. हौसाची पाठ दगडाला लागली. दगड आईच्या कुशीसारखा ऊन होता. तिनं मान वर केली, तर केवढं आभाळ.

"दगडाला तीट लावतात होय?" सासू म्हणाली.

"टेकून बघ, मग बोल."

सासू टेकली. ऊन कलेपर्यंत उठलीच नाही. उठली तेव्हा म्हणाली, "पोर हिच्यापाशीच राहू दे."

मग साऱ्या बाया येऊ लागल्या. त्यांच्या पाठी सरळ होत गेल्या अन् दगड हळूहळू वाकत गेला. येसाई गेली, त्या दिवशी तो पुरता ओणवा झाला, असं म्हणतात.

अजून टेंभेसरात बारशाची तीट आधी त्या दगडाला लागते, मग बाळाला. पहिली वाकळ शिवतात ती आईच्या मांडीसाठी. बाकी देवांपुढं माणसं वाकतात. येसाईच्या दगडापुढं कुणी वाकत नाही, त्याला पाठ लावून बसतात अन् वर बघतात.