तेलाचा हात

“…आणि उघड्या अंगाने स्वतःकडे बघताना वाईट वाटतं? शून्य म्हणजे अजिबात नाही, तीन म्हणजे फार.”

डॉक्टर रणधीर हे विचारत होता त्याच्या वस्तादांना, हिंदुरावांना. तेही सकाळी सकाळी तालमीत. इथल्याच कुस्तीच्या मातीत, याच हौद्यात तो लहानपणी लोळला होता. आता कॅन्सरच्या पेशंटांना ऑपरेशननंतर आपलं शरीर कसं वाटतं, ते तो मोजायचा. दोनशे जणांचे आकडे गोळा केलेत, हे त्याने आल्यापासून तीनदा सांगितलं. पोरगा हुशार, पण मिरवायची खोड जाता जाईना.

वस्ताद लंगोटावर बसले होते. मागच्या वर्षी कॅन्सरपायी त्यांची लघवीची पिशवी काढली. तेव्हापासून पोटाच्या उजव्या बाजूला बाहेरून दुसरी चिकटवलेली असे. ती झाकायला त्यांनी कधी साधा पंचा गुंडाळला नाही.

तालमीचा कारभार बघणाऱ्या पंचांना ते खुपत होतं. वस्तादांनी आता सदरा घालून बाहेर बाकावर बसावं, असं त्यांचं म्हणणं. रणधीरने त्यांना शब्द दिला होता, की कागदावर आकडा मोठा आला तर तेच निमित्त करू, वस्तादांचा मानही राहील.

“खरं सांगा, वस्ताद. लपवू नका.”

“मी काय लपवलंय रं?”

रणधीरची नजर पिशवीवर गेली आणि लगेच कागदावर परत आली…

“किती मार्क पडले की मी बाहेर, ते सांग.”

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं.

वस्तादांनी तेलाची वाटी पुढे सरकवली. या तालमीचा शिष्य कितीही वर्षांनी येवो, आधी वस्तादांच्या अंगाला तेल लावायचं, मग बोलायचं, अशी रीत. रणधीर नेमकी तीच विसरून थेट कागद काढून बसला होता.

त्याने बाह्या सारल्या. खांदे रगडले, पाठ रगडली, छाती रगडली. हात अजून तयार होता, खोटं कशाला बोला. डावी कूस झाली. मग हात उजवीकडे आला, पिशवीच्या वीतभर अलीकडे थांबला आणि वळसा घालून मांडीवर गेला.

“राहिलं,” वस्ताद म्हणाले.

“तिथे… लागेल तुम्हाला.”

“रोज पोरं लावतात. पिशवीला दोन बोटं सोडून.”

रणधीरने हात पुन्हा उचलला. तो तसाच हवेत राहिला… दोनशे जणांना त्याने प्रश्न विचारले होते. हात एकालाही लावला नव्हता. त्याची त्यालाच लाज वाटली.

वस्ताद उठले, वाकून माती कपाळाला लावली आणि आहे तसे हौद्यात उतरले. वर वळूनही बघितलं नाही.

“तीन लिही,” ते म्हणाले. “नाव तुझं घाल.”