कढईची खात्री

भांडी अजून बोलत होती, त्या काळची गोष्ट. वैशाखातल्या दुपारी उरलेला भात संध्याकाळपर्यंत ओट्यावरच राहिला. चारूची आई तो फोडणीला टाकायला निघाली.

"कढईताई, वास येत नाही, पण हा भात बिघडलाय," पातेलं म्हणालं. "चार वर्षांची पोर खाणार आहे."

"रडतंस काय! माझ्या तापल्या तेलात एक तरी जंतू टिकेल का?"

"जंतू मरतील. त्यांनी दुपारभर केलेलं विष तसंच राहील."

कढईने चर्र केलं. भात खमंग झाला. चारूने दोनदा मागून घेतला आणि दोन तासांनी ओकू लागली. सकाळी कुठे तिच्या पोटात पाणी टिकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं होताच कढई पातेल्यावर खेकसली, "अजून ओट्यावर काय बसलंस? भात घेऊन फ्रिजमध्ये जा. नंतर माझ्याच्याने काही होणार नाही."