समुद्राकडे पाठ

एकदा एका वृद्ध समुद्रशास्त्रज्ञाकडे त्यांचा शिष्य धावतपळत आला. खाडीच्या मुखाशी कोळ्यांची सोळा घरांची वस्ती होती. तिथल्या जुन्या धक्क्याच्या खांबाला मोजपट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर पाणी कुठवर येते, हे शिष्य पाच वर्षे नेमाने टिपत होता. एवढ्या काळात पाणी तब्बल वीतभर चढले होते. या वेगाने वस्ती बुडणार, ती तातडीने हलवावी, असा अहवाल त्याने लिहिला होता. तो सोमवारी सरकारदरबारी जायचा होता. पण अशी बातमी सोमवारपर्यंत थोडीच थांबते? वस्तीत सामानाची बांधाबांध कधीच सुरू झाली होती.

आचार्यांनी अहवाल शांतपणे वाचला आणि उद्या ओहोटीच्या वेळी तिथे जाऊ, एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी ते धक्क्याच्या टोकाशी गेले, तिपाईवर पातळी मोजायची दुर्बीण बसवली आणि समुद्राकडे चक्क पाठ करून उभे राहिले. मोजपट्टीचा खांब पाहून झाल्यावर त्यांनी शिष्याला मापाची काठी देऊन गुडघाभर चिखलातून किनाऱ्यावरच्या काळ्या खडकाकडे पिटाळले. खडकावर एक खूण कोरलेली होती. तिच्यावर काठी धर, असे ते हात करून सांगत राहिले. शिष्य मनातून चिडला होता. इथे लोकांची घरे जायची वेळ आली आहे आणि सर पाण्याकडे ढुंकून पाहायला तयार नाहीत.

खडकावर वस्तीतली चांगुणा तांडेल कालवे काढत होती. तिलाही राहवले नाही. ती म्हणाली, "सरांना सांग, पाणी तिकडं हाय."

शिष्य परतला, तेव्हा आचार्यांनी पाच वर्षांपूर्वीची वही उघडली. मोजपट्टी ठोकली त्या दिवशी खडकावरच्या खुणेपेक्षा ती किती खाली होती, हे त्यात लिहिलेले होते. आज ती आणखी अकरा बोटे खाली होती. पाणी बारा बोटे चढलेले दिसत होते, त्यातली अकरा धक्का गाळात खचल्याची होती. समुद्राच्या वाट्याला एकच बोट उरले.

शिष्य धक्क्याच्या कडेला बसला. दरवर्षी खडकाशी पडताळा घ्यायचा नियम त्याला ठाऊक होता. पहिल्या वर्षी त्याने तो घेतला, पुढे चिखल पाहून टाळत गेला, हे त्याने कबूल केले.

आचार्य त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, "समुद्र चढतोच आहे, ते एक बोट कमी समजू नकोस. पण तू भरतीवर शंका घेतलीस, वाऱ्यावर घेतलीस, स्वतःच्या डोळ्यांवरही घेतलीस. ज्यावर उभा राहून मोजत होतास, त्यावर मात्र कधी घेतली नाहीस. आपण सावकाश खचत असलो की आपल्याला ते जाणवत नाही, समोरचेच चढलेले दिसते. म्हणून दुसऱ्याचे माप काढण्याआधी आपली जागा तपासावी."

शिष्य उठला आणि पुन्हा त्याच चिखलातून खडकाशी गेला. चूक आपली होती आणि वस्ती आता हलवावी लागणार नाही, हे त्याने चांगुणेला सरळ सांगितले.

"म्हंजे जायचं नाय?" तिने विचारले.

"नाही, मावशी."

ती खडकावर टेकली आणि पदराने तोंड पुसत हसू लागली. आपण चुकलो याचा इतका आनंद शिष्याला आयुष्यात कधी झाला नव्हता.