मोराचं कास्टिंग व्होट

नदीकाठच्या रानात पाखरांची सभा भरायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. यंदाच्या नाचाच्या उत्सवासाठी मोराच्या मनात नदीची वाळू भरली होती आणि नेमकी त्याच वाळूत टिटवीची अंडी होती. तिचा जीव खालीवर होत होता.

वाळू की टेकडी, यावर सभेत पंख वर झाले. वाळूच्या बाजूने थोडे, टेकडीच्या बाजूने पुष्कळ. टिटवीने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच सभापती मोर म्हणाला, "थांबा! माझं कास्टिंग व्होट वाळूला. सभापतीचं मत शेवटचं असतं. राघूनेच शिकवलाय मला हा शब्द."

इंग्रजी शब्द ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. टिटवी मात्र थेट राघूकडे वळली. "राघूभाऊ, हा शब्द तुम्ही ऐकलात कुठे?"

"ग्रामपंचायतीच्या खिडकीत. दोन्हीकडे सारखेच हात वर झाले आणि बैठक अडून बसली. मग सरपंचबाईंनी कास्टिंग व्होट दिलं, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं."

"आणि मतं सारखी झाली नसती तर?"

"तर कशाला द्यायचं? निकाल लागलेलाच असतो की!"

मोराने पिसारा मिटला. "अरेच्चा! म्हणजे मी अर्धाच शब्द शिकलो," म्हणत तो स्वतःच खदखदून हसला आणि अख्खी सभाही हसली.

नाच टेकडीवर रंगला. उंचावर फुललेला पिसारा पार पैलतीरावरूनही दिसला. दरवर्षी अंड्यांपायी जिला नाच बघायला मिळायचा नाही, त्या टिटवीने तो या वेळी अंड्यांवरून न उठता डोळे भरून पाहिला.