खांद्यावरचा दहा

“आत सगळं बरोबर आहे ना, मास्तर? मग नापास कशाला केलंत?”

यशोधन घाटगे उंबऱ्यातूनच बोलला. बूट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. पुण्याहून मिरजेपर्यंत पाच तास तो एकच प्रश्न घोळवत गाडी चालवत आला होता, आणि दर टोलनाक्यागणिक त्या प्रश्नाला धार चढत गेली होती.

“या. बसा,” बाबालाल मास्तर म्हणाले.

“बसायला नाही आलो.”

बंद पडलेल्या छापखान्याच्या पुढच्या खोलीत मास्तर अजून रोज येऊन बसत. शाळा चौथीतच सुटलेली. पण पुढची बेचाळीस वर्षं गणिताच्या पुस्तकांचे छपाईचे खिळे त्यांनीच जुळवले होते, एकेक अक्षर, एकेक आकडा. आता प्रकाशनाच्या मालकीण सुलभाताईंनी ती सगळी पुस्तकं वेबसाइटवर आणायचं मनावर घेतलं होतं. साइट बांधली यशोधननं, दोन वर्षं खपून. उद्या ती सगळ्यांसाठी खुली व्हायची होती. ताईंची अट एकच... बाबालाल मास्तर ‘पास’ म्हणाले पाहिजेत.

आणि मास्तरांनी काल एक शब्द कळवला होता. नापास.

यशोधननं फोन त्यांच्यापुढे धरला. ‘घात’ असं टाकून सर्च केलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच यादी आली. प्रत्येक पानाचं नाव आणि त्याखाली त्या पानातल्या दोन ओळी.

“इतक्या झटक्यात शोधून देणारी दुसरी साइट दाखवा मला!”

“पहिली ओळ वाचा.”

“दोनाचा दहावा घात बरोबर एक हजार चोवीस.” यशोधननं धडाधडा वाचलं. “काय चुकलं यात?”

“दहावा घात कुठाय? बोट ठेवा बघू.”

यशोधननं बोट टेकवलं. बोट लागताच यादी गेली आणि आतलं पान उघडलं. तिथे दोनाच्या खांद्यावर लहानसा दहा ऐटीत बसला होता.

“हा काय! आहे की!”

“हे पान नाही विचारलं. यादीतला दाखवा.”

तो मागे आला. बोट काचेच्या जरा वरच थबकलं.

यादीत लिहिलं होतं : २१० = १०२४.

दोनशे दहा...

“यादीत नुसता मजकूर जातो,” यशोधन म्हणाला. आवाज चढलाच. “वरखाली मांडणी असते ती गळून पडते. अशा साइटींवर चालतंच हे. आणि मास्तर, राग मानू नका... घात म्हणजे काय हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला?”

“नाही.”

“मग माझं काम तुम्ही कसं तपासता?”

“पुस्तकात दहा वर होता. इथं खाली आलाय. तुम्ही वाचलंत, तेव्हा तुमच्या तोंडात तो वरच होता.” मास्तर म्हणाले. “जाणता माणूस प्रूफ वाचत नाही, साहेब. आठवणीतलं वाचतो.”

यशोधनची कानशिलं तापली.

“एका आकड्यासाठी दोन वर्षांचं काम अडवून धरता? छापखाना बुडाला त्याचा राग माझ्यावर काढताय तुम्ही!”

मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला.

पत्र होतं. जत तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेतल्या बाईंचं. साइट महिनाभर त्यांच्या शाळेत चालवून पाहिली होती.

‘आमच्याकडे रेंज जेमतेम असते,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘यादी येते, आतलं पान उघडत नाही. आमच्या एका मुलीनं यादीतलं होतं तसं वहीत उतरवलं आणि फळ्यावर लिहिलं, दोनशे दहा बरोबर एक हजार चोवीस. वर्ग हसला. मीही हसले, त्याची आता लाज वाटते. ती म्हणत राहिली, बाई, तिथं असंच आहे. त्या दिवसापासून ती गणिताच्या तासाला तोंड उघडत नाही.’

यशोधननं पत्र दोनदा वाचलं.

“स्वतःच्या चुकीनं हसं झालं असतं तर गोष्ट निराळी होती,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आता पहिल्यांदाच कापत होता, आणि तो म्हातारपणानं नव्हे. “त्या पोरीनं अक्षर न् अक्षर बरोबर उतरवलं होतं! बेचाळीस वर्षांत माझ्या हातून जे झालं नाही, ते तुमच्या यादीनं एका सकाळी केलं. चूक आपली... आणि फळ्यापाशी मान खाली घालून उभी ती!”



मग यशोधननं सुलभाताईंना फोन लावला. “ताई, साइट उद्या उघडायची नाही... हो, यादी मुळापासून करावी लागेल. महिना तरी लागेल... नाही, मास्तरांनी सांगितलं म्हणून नाही. चूक आहे म्हणून.”

फोन ठेवला तरी राग काही उतरेना. तो आता नेमका कुणावर आहे, हेही त्याला उमगत नव्हतं. पत्र परत देताना तो पुटपुटलाच,

“तरी एक सांगतो, मास्तर. ज्याला घात येतो, त्याला नुसती यादी बघूनही बरोबर कळतं. मला नाही का कळलं?”

मास्तरांनी पत्राची घडी केली. त्याच्याकडे पाहिलं...

“ज्याला येतं, तो शोधायला कशाला येईल?”