मेटजाईची अळणी आमटी

आमटी अळणी लागली ना? लागणारच. मीठ घालायला विसरलो नाही, घातलंच नाही. ताई, ती मिठाची पुडी पिशवीतच राहू द्या. घरी जाऊन काय हवं ते खा, पण मेटजाईच्या आवारात पानात मीठ वाढत नाहीत. मी कोयाजी गुरव. देवीचा नैवेद्य रोज मीच रांधतो. माझा बाप रांधायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. पाहुणे पहिला घास घेतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मग कुणीतरी हळूच विचारतं, देवीला अळणीच आवडतं का? आवडत नाही हो. आम्ही तिच्यावर रागावलोय.

हसू नका. आधी हा मुलूख नीट बघा, मग हसा. याला आडमाथा म्हणतात. मावळतीला हा कडा सरळ कोकणात कोसळतो, उगवतीला घाटावरची पठारं सुरू होतात आणि मधल्या चिंचोळ्या माथ्यावर आमच्या वाड्या. पाऊस इतका की कांबळं चार महिने वाळत नाही, आणि चैत्रात प्यायच्या पाण्यासाठी झऱ्यापाशी रांग. उतारावर नाचणी, वरी. रानात हिरडा, मध, मेण. बाकी काही पिकत नाही. मीठ तर नाहीच. ते खालून, समुद्राकडून यायचं. आमची माणसं नाचणी-हिरडा घेऊन खाली उतरायची आणि मिठाची गोणी पाठीवर घेऊन वर चढायची. घाटावरच्या मुलखाच्या चुलीवर जे मीठ पडायचं, ते आमच्या पाठीवरून गेलेलं असायचं.

तेव्हा खिंडीच्या वर एकाचं राज्य होतं आणि खाली दुसऱ्याचं. सरहद्द आमच्या डोक्यावरून जायची. जात्याची वरची तळी यांची, खालची त्यांची, आणि मधली नाचणी आम्ही. दोघांच्याही चौक्या, दोघांचीही जकात. भांडण झालं की दोघंही खिंड बंद करायचे आणि दोघंही आम्हालाच फितूर म्हणायचे.

पण आमच्याकडे एक वाट होती. घोरपडीची नाळ. नाळ म्हणजे कड्यातली उभी, अरुंद घळ. खिंड बंद झाली की आमची माणसं त्या नाळेनं मीठ आणायची. ती वाट परक्याला दाखवायची नाही, असा सगळ्या वाड्यांचा नियम होता. वर पोचलं की पहिलं मूठभर मीठ मेटजाईच्या पायाशी ओतायचं. त्या मिठाच्या राशीत हात घालून जो शब्द देईल, तो शब्द देवीनं ऐकला असं आम्ही मानायचो. सोयरीक, शेताचा बांध, उसनवारी, सगळं त्या राशीवर ठरायचं. सांगतात की त्या काळात आडमाथ्यावर कुणी दाराला कडी लावत नसे.

अशात एका दसऱ्यानंतर वरच्या राज्याचा एक सरदार फौज घेऊन आला. हैबतजी त्याचं नाव. त्याला कोकणावर उतरायचं होतं आणि खिंडीत खालच्यांनी तोफ लावून ठेवलेली. तो देवळात आला, याच पायरीवर बसला, आमच्या म्हाताऱ्यांना काका-बाबा म्हणाला. म्हणे, जेवायलाही आमच्याच पंगतीत बसला. मग म्हणाला, नाळ दाखवा.

म्हाताऱ्यांनी दोन दिवस घोळ घातला. शेवटी म्हणाले, राशीत हात घाल. त्यानं कोपरापर्यंत हात घातला. शब्द दिला की खिंड कायमची मोकळी करीन, तुमच्या पाठीवरच्या मिठाला जकात लावणार नाही आणि तुमची वाटाडी पोरं सुखरूप घरी पाठवीन. वर बोटाला लागलेलं मीठ त्यानं चाटलं. झालं! आमच्या लोकांना एवढं पुरे झालं. जो माणूस मिठाच्या राशीत हात घालतो तो खोटं बोलूच शकत नाही, असं समजणारी भोळी जात आमची. राशीला भिणारे आम्ही होतो. तो कशाला भिईल? त्याच्या घरी मीठ गोण्यांनी येत होतं.

वाटाड्यांमध्ये झिमाबाईची दोन पोरं होती, धाकू आणि गोमा; धाकूचं लग्न झालेलं, घरात तान्हं पोर. झिमा विधवा, स्वतः मीठ वाहून वाढवलेली पोरं. तिला म्हणे मनातून नको होतं. पण देवीसमोर दिलेल्या शब्दावर संशय कसा घ्यायचा? तिनं दोघांच्या कमरेला भाकरी बांधली आणि जा म्हणाली.

फौज नाळेनं उतरली, खालचे गाफील सापडले, हैबतजी जिंकला. वाड्यांतून लोक वाट बघत बसले. कार्तिकातली अमावास्या आली तरी पोरं आली नाहीत. आला तो फौजेतला एक बेलदार, दगड फोडणारा. झिमाच्या दारात पाणी मागितलं, आणि तिनं पोरांची चौकशी केली तसा तो रडत सांगायला लागला. ज्यांनी मला वाट दाखवली ते उद्या शत्रूलाही दाखवतील, असं सरदार म्हणाला होता. सगळ्या वाटाड्यांना नाळेच्या तोंडाशी नेऊन कड्यावरून ढकललं. मग याच बेलदाराकडून सुरुंग लावून नाळ बुजवली. धाकू शेवटपर्यंत सांगत होता, सरदार, तुम्ही राशीत हात घातलाय.

संताप येतो की नाही? मला अजून येतो. इतक्या पिढ्या गेल्या तरी.

तरी लोकांनी धीर धरला. देवीनं ऐकलंय, ती बघून घेईल. हैबतजीचं वाटोळं होईल म्हणून सगळा मुलूख कान देऊन बसला. आणि बातम्या काय आल्या? त्याला जहागीर मिळाली. त्याला मुलगा झाला. खिंडीत त्याची नवी चौकी बसली आणि आमच्याच पाठीवरच्या मिठाला दुप्पट जकात लागली. वर्षानं तो स्वतः वाजतगाजत आला आणि देवीला चांदीचा मुखवटा वाहिला. गाभाऱ्यात दिसतो ना तुम्हाला, तोच. तेव्हाच्या गुरवानं तो देवीला चढवला, आणि सरदाराच्या पैशानं मोठा नैवेद्य रांधला.

पंगत बसणार, एवढ्यात झिमा आत आली. तिनं नैवेद्याचं ताट उचललं आणि दारात ओतलं. मग पायाशी असलेली मिठाची रास पदरात भरायला लागली. गुरव ओरडला, "अगं, देवी कोपंल!"

झिमा म्हणाली, "कोपली तर लई बेस. हिला कोपता येतं, एवढं तरी कळंल."

मग ती मूर्तीला म्हणाली, "त्यानं शबुद दिला तवा तू हितंच हुतीस. माझी पोरं गेली आन् तू चांदी घालून बसलीस. आजपासनं तुला आमचं मीठ न्हाई." आणि पदर आवळून निघून गेली. तिला अडवायला कुणी धजलं नाही, सरदारही नाही. आडमाथ्यावरच्या बायका एकेक करून उठल्या आणि तिच्यामागून गेल्या.

दुसऱ्या सकाळी म्हणे मूर्तीला घाम फुटला होता. चांदीच्या मुखवट्याखालून पाणी गळत होतं. कुणी ते चाखलं, तर खारट लागलं असं सांगतात. मी चाखलेलं नाही, चाखणारही नाही. गावकरी झिमाकडे धावत गेले. म्हणाले, देवी रडतेय, आता सोड राग. झिमा नाचणी दळत होती. जातं न थांबवता ती म्हणाली, "रडाया मलाबी येतं."

तेव्हापासून हा नियम. कार्तिक अमावास्येला गुरवानं आमटी चुलीवर चढवून झिमाच्या घरी जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि घरातल्या कर्त्या बाईला विचारायचं, यंदा मीठ घालू का? ती नाही म्हणाली की वर्षभर अळणी. माझ्या बापानं विचारलं, मी विचारत आलो. हो कुणी म्हटलं नाही, आणि का म्हणावं? राज्यं गेली, गोरा साहेब आला. रस्ता देतो म्हणाला, साग तोडून नेला. तो गेला, आपले आले. त्यांनी धरण बांधलं, पाणी खाली गेलं. प्रत्येकाला आमची वाट हवी, आमचं रान हवं, आमचं पाणी हवं. आम्ही तेवढे नकोत.

सरहद्दही गेली नाही, तिला आता जिल्ह्याची हद्द म्हणतात, एवढंच. यंदाच्या श्रावणात झिमाच्या घरातली लाडूबाई छातीत कळ येऊन पडली. वरच्या दवाखान्याला फोन केला, ते म्हणाले तुमची वाडी खालच्यांकडे. खालच्यांना केला, ते म्हणाले गाडी थांबते ते देऊळ वरच्यांच्या हद्दीत. गाडी कुठली यायची हे ठरेपर्यंत म्हातारी गेली. तिची सून शेवंता तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मीही तिथंच होतो. मेटजाईही होतीच, शंभर पावलांवर.

म्हणून यंदा उत्तर द्यायची पाळी शेवंताची आली. ती कोकणातली लेक, शिकलेली, कमी बोलणारी. गावात कुजबुज होती की ही नव्या काळाची पोर, ही हो म्हणेल. खरं सांगू, मलाही वाटत होतं तिनं म्हणावं. वय झालं माझं. एकदा तरी देवीला धड जेवू घालावं असं कुठल्या गुरवाला वाटणार नाही?

मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो. "शेवंता, यंदा मीठ घालू का?"

ती आत गेली, मूठभर मीठ घेऊन आली आणि माझ्या पुढं होऊन देवळाकडं चालू लागली. लोक मागून आले. एका म्हातारीनं तर हात जोडले. मला वाटलं, सुटलो. शेवंता गाभाऱ्यात गेली. आधी तिनं डाव्या हातानं तो चांदीचा मुखवटा उतरवून बाजूला ठेवला. मग मिठाची मूठ देवीसमोर उघडून धरली आणि विचारलं, "तवा का गप ऱ्हायलीस? आन् श्रावणात का?"

आणि ती उत्तराची वाट बघत थांबली. चुलीवर आमटी उतू गेली तरी मी हललो नाही. आजवर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्या घरालाच विचारत होतो. देवीला कुणी विचारलंच नव्हतं.

शेवंतानं मूठ मिटली. मीठ परत घरी घेऊन निघाली, आणि दारातून वळून देवीला म्हणाली, "पुढच्या कार्तिकाच्या अवसंला येते. तवर उत्तर शोधून ठिव."

आजही आमटी अळणीच आहे. वाढू अजून?