ठमाईचं अस्वल

ढोल थांबला, आणि त्यानंतर अस्वलाच्या पायातली घुंगरं एकदाच वाजली. बाकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. ठमीच्या आलं. अस्वलाच्या सोंगात तिचा धाकटा भाऊ भिवा होता, आणि ढोल थांबल्यावर भिवाचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

डोंगराखालच्या सावरपाड्यातली ही गोष्ट. पाड्यात अजून विहीरही खणली नव्हती, तेव्हाची. ठमी बाहुल्या करायची. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या, हातभर उंचीच्या, दोऱ्यांवर नाचणाऱ्या. खाट उभी करून तिच्यावर पासोडी टाकली की झाला तिचा खेळ सुरू. स्वभावाने मात्र फार भित्री. पाल चुकचुकली तरी तिच्या हातातली पटाशी खाली पडायची, असं म्हणतात.

तिच्या खेळाची सुरुवात ठरलेली असे. बाहुली वर यायची, ठमी विचारायची, "आत कोण?" आणि पासोडीमागून भिवा आवाज काढायचा. कधी म्हैस, कधी पाटील, कधी खाष्ट सासू. आज काय निघेल ते ठमीलाही ठाऊक नसायचं. ती दर वेळी दचकायची, आणि लोक त्यालाच जास्त हसायचे.

पुढे चैत्रातल्या मिरवणुकीसाठी ती माणसाच्या अंगावर चढतील अशी मोठाली सोंगं करू लागली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, चिंचोक्याच्या खळीत मळलेल्या कागदाचं डोकं, अंगभर केसांच्या जागी काळा रंगवलेला अंबाडीचा वाख. माणूस आत शिरला की ती लाल दोऱ्याने पाठ शिवायची, मिरवणूक संपली की उसवायची.

एका वर्षी लहानू ढोलवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "ठमे, अस्वलाच्या पाठीवर ही गोधडी कशी गं? रानातली अस्वलीण विचारेल ना त्याला, कुठल्या शिंप्याकडून आलास म्हणून!"

पाडा पोट धरून हसला. ठमीही हसली, पण ते तिच्या मनाला लागलं. पुढच्या चैत्रात तिने काळा दोरा घेतला आणि भिवा आत असताना वाखाच्या मुळाशी टाक्याला टाका भिडवून पाठ मिटवली. इतकी बेमालूम, की शिवण कुठे आहे ते तिचं तिलाच सापडेना.

त्या अस्वलाला पाहून कुत्री भुंकलीच नाहीत, शेपूट घालून घराघरांत शिरली, असं म्हणतात. लहानूसुद्धा दोन पावलं मागे सरला. मग ती घुंगरं वाजली. पुढच्या वेळी ढोल थांबला, तर अस्वल थांबलंच नाही. मिरवणूक देवळाकडे वळली, अस्वल रानाकडे.

"ए भिवा, जेवायला तरी ये रे!" लहानू ओरडला. सगळ्यांना वाटलं, गंमत करतोय. पण सावरीच्या झाडापर्यंत धुळीत माणसाची पावलं होती, आणि झाडापलीकडे नखं उमटली होती. ती पाहून एकेक जण मुकाट्याने मागे फिरला.

ठमी फिरली नाही. कमरेला कात्री खोचून ती त्या नखांच्या मागे निघाली. पान हललं, दचकली. होला उडाला, दचकली. त्या दुपारी ती शंभर वेळा दचकली आणि एकदाही थांबली नाही, असं म्हणतात.

डोहाकाठी अस्वल पाणी पीत होतं. "भिवा! भिवल्या! अरे, माझ्या राजा!" तिने हाका मारल्या. त्याने वळूनही पाहिलं नाही. तिने वाखात बोटं घातली, शिवण शोधायला. वाख कसला, ऊन ऊन केस होते ते. तरी तिने कात्री टेकवली, तर टोकाशी रक्ताचा थेंब आला. अस्वल गुरगुरत वळलं. कात्री तिच्या हातून गळून पाण्यात गेली.

आजही सावरपाड्यात सोंगाची पाठ लाल दोऱ्यानेच शिवतात, टाके लांबून दिसतील अशी. आणि सोंग दारातून निघण्याआधी घरातली बहीण त्याच्यासमोर उभी राहून विचारते. आतल्या माणसाने स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय ढोलावर टिपरू पडत नाही. ढोलवाले लहानूच्याच घरातले, आणि याबाबतीत सगळ्यांत कडक तेच. याला म्हणतात ठमाईची हाक. पाड्यातली पोरं डोक्यावर पोतं घेऊन दिवसभर तेच खेळत असतात.

ती हाक पहिल्यांदा मारली गेली त्या डोहाकाठी. ठमीकडे आता ना कात्री होती, ना दोरा. ती अस्वलाच्या नाकासमोर उभी राहिली आणि खेळात विचारायची तसं तिने विचारलं, "आत कोण?"

अस्वलाने तिचा हात हुंगला.

"आत कोण?"

तिसऱ्या वेळी तिचा आवाज चिरकला. अस्वलाने मान तिरपी केली, दोरी सैल सोडल्यावर बाहुली करते तशी. मग त्याच्या पोटातून, खोल कुठून तरी, पासोडीमागून यावा तसा आवाज आला, आणि ठमी नेहमीसारखी दचकली.

"मी गं, आक्का. भिवा. उसव की लवकर, फार उकडतंय."